ट्रे धरलेल्या मुली

संयोजकांनी विषय कळवला तो ‘आफ्रिकेतील ख्रिस्ती मिशनऱ्यांची वैद्यकीय सेवा’ असा. मी फोन करून विचारलं, ‘सेवा’ खोडून ‘शाळा’ लिहिलं तर चालेल का? सेवेबद्दल पुष्कळ बोलून झालंय. जुने फोटो तुम्ही पाहिले असतील: मध्ये सोला टोपी घातलेला गोरा डॉक्टर, समोर रुग्णांची रांग. मी आयुष्यभर सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सेसना शिकवणारी, होते. त्यामुळे माझी नजर जाते ती कडेला ट्रे धरून उभ्या असलेल्या मुलीकडे. फोटोखाली तिचं नाव नसतं. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

युगांडातल्या मेंगोची गोष्ट घेऊ. ही टेकडी आता कंपाला शहराचाच भाग आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट कुक हा तरुण इंग्रज डॉक्टर चर्च मिशनरी सोसायटीच्या तुकडीबरोबर तिथे पोहोचला. मोंबासाहून पायी, जवळजवळ तीन महिने चालून. रेल्वेचं काम सुरू झालं होतं, त्यासाठी मजूर आपल्याच देशातून, मुख्यतः पंजाबातून नेले होते. पण रूळ युगांडापासून अजून फार लांब होते. त्याच तुकडीत कॅथरीन टिंपसन ही नर्स होती. १९०० साली तिचं आणि कुकचं लग्न झालं. इतिहासात रुग्णालय नवऱ्याच्या नावावर लागलं. तिथली सुईणींची शाळा मात्र खरी कॅथरीनची, असं माझं मत आहे.

१९०१ मध्ये अल्बर्ट आणि त्याचा डॉक्टर भाऊ जॅक यांनी मेंगोत निद्रारोगाचे रुग्ण ओळखले. त्सेत्से माशीमुळे पसरणारा हा रोग. पुढच्या काही वर्षांत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर त्याने दोन लाखांहून अधिक माणसं नेली. १९०२ मध्ये रुग्णालयावर वीज पडली आणि ते जळालं. पुन्हा उभारलं. पण इमारत पुन्हा उभी राहते. एवढ्या मुलखाला दोन-तीन डॉक्टर पुरणार कसे, हा प्रश्न तसाच राहतो.

सुईणींची शाळा निघाली १९१९ मध्ये. तिच्यामागचं कारण फारसं गोड नाही, आणि ते झाकून ठेवायला मला आवडत नाही. १९०८ च्या सुमारास एका ब्रिटिश लष्करी डॉक्टरने अहवाल दिला की युगांडातल्या निम्म्याहून अधिक लोकांना सिफिलिस आहे. मिशनऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला आणि दोष बायकांच्या ‘नीतिमत्तेवर’ टाकला. तो आकडा फार फुगवलेला होता, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. यॉज नावाचा एक आजार असतो, तो शरीरसंबंधातून पसरत नाही, पण तसेच व्रण उठवतो. तोही सिफिलिसमध्येच मोजला गेला होता. म्हणजे शाळेचा पाया अर्धा चुकीच्या निदानावर आणि अर्धा उपदेशावर. मुली घ्यायच्या त्या मिशनच्या शाळांतल्या, चांगल्या वळणाच्या. गावात पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यात जागा नव्हती. त्यांचे हात अस्वच्छ असतील, पण त्या हातांना पुष्कळ काही कळत होतं. ते कोणी लिहून घेतलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

आणि तरीही. त्या शाळेत एक गोष्ट फार शहाणपणाची झाली. कुक पती-पत्नींनी प्रसूतिशास्त्राचं पुस्तक लुगांडा भाषेत तयार केलं. त्याच्या कितीतरी आधी अल्बर्टने लुगांडातले वैद्यकीय शब्द आणि वाक्यं जमवली होती. याचं मोल माझ्यासारखीला विचारा. माझ्या वर्गातली मुलगी परीक्षेत ‘प्लासेंटा’ लिहायची, पण वॉर्डात बाईच्या सासूला विचारायची, ‘वार पडली का?’ खरं ज्ञान त्या दुसऱ्या शब्दात असतं. पहिला शब्द मार्कांपुरता.

शिकून झाल्यावर मेंगोतल्या मुली खेड्यापाड्यांतल्या छोट्या केंद्रांवर जायच्या. तिथे वर बघायला डॉक्टर नसायचा. मूल आडवं आलं, रक्त थांबेना, तर निर्णय तिचा. इथे मला माझी पहिली वर्षं आठवतात. एका रुग्णालयात आम्ही शिकाऊ मुली भिंतीला टेकून बाळंतपणं ‘बघायचो’. नाळ कापायची वेळ आली की कात्री कोणीतरी हातातून काढून घ्यायचं. शिकवणं वेगळं आणि सोपवणं वेगळं, हे मी पुस्तकात नाही, त्या भिंतीपाशी शिकले. मेंगोत सुईणींवर काम सोपवलं गेलं, कारण तिथे जायला दुसरं कोणी नव्हतं. नाइलाज हा कधीकधी फार चांगला शिक्षक असतो.

पुरुषांच्या बाबतीत तसं झालं नाही. १९१७ मध्ये कुकने वैद्यकीय सहायकांसाठी वर्ग काढला, तो टिकला नाही. पुढे १९२४ च्या सुमारास कंपालातल्या मॅकेरेरे कॉलेजात सरकारी वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. तिथून बाहेर पडलेली हुशार मुलं कितीतरी वर्षं गोऱ्या डॉक्टरच्या हाताखालचे सहायकच राहिली. ज्ञान दिलं, हुद्दा दिला नाही.

दक्षिण आफ्रिकेत लव्हडेलच्या मिशन रुग्णालयात नील मॅकविकर या स्कॉटिश डॉक्टरने नर्सिंगचं रीतसर शिक्षण सुरू केलं. तिथे शिकलेली सेसिलिया मकिवाने ७ जानेवारी १९०८ रोजी नोंदणीकृत नर्स झाली, देशातली पहिली कृष्णवर्णीय. नोंदणी म्हणजे कागदच. पण रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव असणं काय असतं, हे नर्सेसना सांगायला नको. ती १९१९ मध्ये गेली, चाळिशीही गाठली नाही. आज म्दांत्साने इथलं मोठं रुग्णालय तिच्या नावाने आहे.

हल्ली सर्जनही तिथल्या तिथे तयार होतात. गॅबनमधल्या बोंगोलोच्या मिशन रुग्णालयात १९९० च्या दशकात असं शिक्षण सुरू झालं, नंतर ते इतर देशांत गेलं. परदेशी पाठवलेला डॉक्टर बहुधा परत येत नाही, हा अनुभव त्यामागे होता. आपल्याला तो नवा नाही.

शेवटी थोडं घरचं. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. ख्रिस्ती दांपत्य, पण आरोग्याचं काम शिकवायला त्यांनी निवडल्या त्या गावातल्याच बायका. बऱ्याच निरक्षर, काही दलित, काही टाकलेल्या. मेंगोने ज्यांना दारात उभं केलं नसतं, अशा. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात जामखेडच्या कामावर प्रकरण होतं, टांझानियातल्या कामाशेजारीच.

आता आफ्रिकेतले डॉक्टर आणि नर्सेस जामखेडला शिकायला येतात. वर्गात पुढे नऊवारीतली एखादी आजी उभी असते. ती मराठीत बोलते, दुसरं कोणीतरी ते इंग्रजीत सांगतं, आणि समोर बसलेले डॉक्टर वहीत लिहून घेतात.