सर्व्हरची निवड नंतर करू द्या

विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीऐवजी अनेकांनी चालवलेल्या पण एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमांकडे लोक फिरकत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. माझ्या मते लोक येतात, पण टिकत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी इलॉन मस्क यांच्याकडे गेल्यावर मॅस्टोडॉन या अशाच एका माध्यमावर लाखो नवी खाती उघडली गेली आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांतली बरीचशी निपचित पडली. एवढी माणसे उंबरठ्यापर्यंत येऊन का परतली, याचा विचार आपण करायला हवा.

तेव्हा येणाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारला जाई तो ‘कोणता सर्व्हर?’ हा. सर्व्हर कोण चालवतो, त्याचे नियम काय, तो उद्या बंद पडला तर खात्याचे काय होणार, या गोष्टी महिनाभर वावरल्यावर कळू लागतात. आपण मात्र त्यांचे उत्तर आल्या आल्या मागत होतो. मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनने आपल्या अधिकृत ॲपमध्ये स्वतःचा मोठा सर्व्हर आधीच सुचवायला सुरुवात केली, तेव्हा ‘हे तर पुन्हा केंद्रीकरण’ अशी टीका झाली. टीका निराधार नव्हती, तरीही तो निर्णय मला योग्य वाटतो.

दुसरी अडचण नाव नोंदवल्यानंतरची आहे. कोणीतरी पाठवलेला दुवा आपण उघडतो, समोर दुसऱ्या सर्व्हरवरचे पान येते, ‘फॉलो’ दाबावे तर लॉग इन करा म्हणून सांगितले जाते, आणि नवखा मनुष्य बुचकळ्यात पडतो, कारण त्याने तर सकाळीच लॉग इन केलेले असते. पूर्वी त्या पानाचा पत्ता नकलून आपल्या सर्व्हरच्या शोधपेटीत चिकटवावा लागे. आता आपल्या सर्व्हरचे नाव विचारून तिकडे नेण्याची सोय झाली आहे. पण ते नाव लक्षात असावे लागते, आणि नवख्याला नेमके तेच आठवत नाही.

तिसरी अडचण रिकाम्या टाइमलाइनची: कोणालाच फॉलो केलेले नसल्याने नवख्याला वाचायला काही दिसत नाही. तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. ब्लूस्काय या दुसऱ्या विकेंद्रित माध्यमाने जून २०२४ मध्ये ‘स्टार्टर पॅक’ आणले: एखाद्या विषयातल्या जाणत्या माणसाने केलेली यादी एका दमात फॉलो करता येते. आपल्याला काय दिसावे हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमची भीती बाळगणाऱ्यांनाही यात आक्षेपार्ह काही सापडू नये.

आता सर्व्हरच्या प्रश्नाकडे परत येतो. निवड पुढे ढकलायची, तर नंतर घर बदलणे खरोखर सोपे हवे. मॅस्टोडॉनवर खाते हलवताना फॉलोअर बरोबर येतात, जुन्या नोंदी (पोस्ट) मात्र मागेच राहतात. याचे मूळ ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलच्या, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांच्या, वापरात आहे; वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तो २०१८ मध्ये मान्य केला: प्रत्येक नोंदीची ओळख म्हणजेच तिचा वेब-पत्ता, आणि त्या पत्त्यात सर्व्हरचे नाव गोवलेले असते. शिवाय स्थलांतराची सूचना जुन्या सर्व्हरनेच द्यायची असल्याने तो अचानक बंद पडला, तर फॉलोअरही हातचे जातात. ब्लूस्कायच्या एटी प्रोटोकॉलने ओळख आणि साठवण सुरुवातीपासून वेगळी ठेवली, म्हणून तिथे नोंदींसह हलण्याची तरतूद आहे. अर्थात बहुतेक खाती अजून त्या कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. नोंदणीचे पान सुटसुटीत करण्यावर जेवढी चर्चा झडते, तेवढी या स्थलांतराच्या तरतुदीवर व्हावी, असा माझा आग्रह आहे.