शाहजहान आणि मुमताज : चौदा मुलांची वंशावळ

शाहजहानच्या नावाखाली बहुतेक तक्त्यांत चारच रेघा असतात : दारा शुकोह, शुजा, औरंगजेब, मुराद. तख्ताचं भांडण समजायला तेवढ्या पुरतात. पण मुमताजला मुलं झाली चौदा. आठ मुलगे, सहा मुली. लग्न १६१२ सालचं. पहिली हूरुन्निसा १६१३ची, शेवटची गौहरआरा १६३१ची.

जगली सातच. ते चौघे भाऊ, आणि जहाँआरा, रोशनआरा, गौहरआरा या तिघी बहिणी. उरलेल्यांपैकी १६२२ मधल्या एका मुलाचं तर बारसंही झालं नाही. त्याचा रकाना कोरा, पण तक्त्यात हवाच. १६२८ साल बघा. शाहजहान तख्तावर बसला. त्याच वर्षी सुरैया बानू गेली, सात वर्षांचीही झाली नव्हती. छोटा लुत्फुल्लाही गेला. दौलतअफझा जन्मला, तो पुढच्याच वर्षी वारला. ही नावं गाळली की अठरा वर्षांतली चौदा बाळंतपणं दिसतच नाहीत.

नावापुढे जन्मगावही लिहावं. जहाँआरा, दारा, शुजा अजमेरचे : मेवाडच्या मोहिमेचा तळ तिथे होता. रोशनआरा बऱ्हाणपूरची, औरंगजेब दाहोदचा : ही दख्खनची ये-जा. मुराद १६२४ मध्ये रोहतासगडावर जन्मला, तेव्हा शाहजहान बापाविरुद्ध बंड करून फिरत होता. दिवस गेलेले असतानाही मुमताज छावणीबरोबरच असे. गौहरआराच्या वेळी पुन्हा बऱ्हाणपूर, आणि त्याच बाळंतपणात मुमताजचा मृत्यू.

त्या मृत्यूची तारीख कुठे ७ जून सापडेल, कुठे १७ जून. दिवस एकच. मूळ नोंद हिजरी. फरक पडतो तो जुन्या आणि नव्या इंग्रजी पंचांगातल्या दहा दिवसांचा. औरंगजेबाचा जन्म २४ ऑक्टोबर की ३ नोव्हेंबर १६१८, हा वादही तसाच. अख्ख्या तक्त्याला एकच पंचांग लावावं.

नावांचा घोळ याहून वाईट, कारण पुष्कळ नावं म्हणजे मुळात दरबारी किताब, म्हणजे पदव्या. शाहजहानच्या तिसऱ्या बायकोचा बाप शाहनवाझ खान, औरंगजेबाचा सासराही शाहनवाझ खान. पहिला अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा, दुसरा इराणच्या सफवी राजघराण्यातला. दोघांना एका चौकटीत घातलं की बाप-लेक साडू होऊन बसतात! आणि जहाँआराला शाहजहानची थोरली लेक म्हणू नये. पहिल्या बायकोची परहेझ बानू १६११ची आहे.

वर माहेरच्या बाजूला गुंता आणखी घट्ट. नूरजहान ही मुमताजची सख्खी आत्या आणि सासऱ्याची बायको. तिची मुलगी लाडली बेगम मुमताजची आतेबहीण, आणि शाहजहानचा सावत्र भाऊ शहरयार याच्याशी लग्न झाल्यावर जाऊ. लाल महालात बोटं गमावलेला शाहिस्तेखान हा मुमताजचा भाऊ. म्हणून तो औरंगजेबाचा मामा.

खालच्या पिढीत रेघा परत आत वळतात. दारा १६५९ मध्ये मारला गेला, मुराद १६६१ मध्ये. दोन्ही औरंगजेबाच्या हुकमानं. पुढे दाराची मुलगी जहाँजेब बानू औरंगजेबाच्या मुलाला, आझमला दिली, १६६९ साली. मुरादचा मुलगा ईझदबख्श १६७२ मध्ये आणि दाराचा सिपिहर शुकोह १६७३ मध्ये औरंगजेबाचे जावई झाले. अशा जोडप्याला चौकट एकच द्यावी आणि दोन्ही बापांकडून रेघ आणावी. दोन जागी लिहिलं, तर त्यांची मुलं दोनदा मोजली जातात.