चौथा पाय हवेत

आधी एक करा, पहिल्या रांगेतलं कोणीतरी उठून या आणि हा डावीकडचा स्पीकर वरून दोन बोटांनी ढकलून बघा. टक टक झालं ना? आता हा स्पीकर कितीचा आहे ते मी सांगत नाही, ज्यांचा आहे ते इथेच बसलेत आणि त्यांच्या मिसेसपण आल्यात. (हशा) पण एवढा महागाचा डबा उभा आहे कसा, तर आपल्या उडप्याच्या हॉटेलातलं टेबल, ज्याच्या पायाखाली वेटर पुठ्ठ्याची घडी सरकवतो, तसा.

मी ऑडिओवाला नाही हं. भांडुपला टूलरूममध्ये फिटर होतो, गाण्याची आवड घरातली आणि स्पीकरची खाज रिटायर झाल्यावरची. त्यामुळे मी बोलणार आट्यांबद्दल, नटाबद्दल आणि लादीबद्दल, साउंडस्टेज, म्हणजे समोर गायक-वादक बसल्याचा भास, उघडला की मिटला ते तुम्ही नंतर एकमेकांना सांगा.

तर स्पाइक, म्हणजे स्पीकरच्या तळाला आट्यांनी बसणारे टोकदार पाय. इंग्लंड-अमेरिकेत बऱ्याच घरांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट असतं, खाली मऊ थर, त्याखाली बऱ्याचदा लाकडी फळ्या. त्यावर ३० किलोचा डबा ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा डुलतो, म्हणून टोकदार स्पाइक, कार्पेटमधून आरपार जाऊन खालच्या टणक जमिनीला टेकायला. आपल्याकडे आरसीसी स्लॅब, वर विट्रिफाइड लादी, जुन्या बिल्डिंगीत मोझॅक नाहीतर कोटा. आरपार जायला आहेच काय? टोकाचा उपयोग संपला, उरला फक्त उपद्रव. ३० किलो, चार टोकं, प्रत्येकावर साडेसात किलो, टोक १ चौरस मिलीमीटरचं धरा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७५० किलो दाब. लादी नीट भरून बसवली असेल तर खपून जाईल, पण आपल्याकडे चार कोपऱ्यांना मसाल्याचे गोळे मारून मधे पोकळ सोडणारे कमी नाहीत, नाण्याने ठोकून बघा, पोकळ वाजली की तिथे स्पाइक नको. आणि स्पीकर थोडा सरकवायचा म्हणून ओढला की टवका उडालाच समजा.

म्हणून खाली खळगा असलेली चकती पाहिजे, स्पाइक शू म्हणतात तिला. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जा, पितळी बार घ्या, ओळखीच्या लेथवाल्याकडून २५ मिलीमीटरच्या चकत्या कापून मधे खळगा मारून घ्या, खाली पातळ फेल्ट चिकटवा, झालं काम. लोखंडाची करू नका, आपल्या पावसाळ्यात गंजते आणि मार्बलवर जो तांबडा गोल उमटतो तो नंतर सहजासहजी निघत नाही, आमच्या घरी अजून आहे, सोफा त्यावर सरकवलाय.

मग कोणी विचारेल की टोक नकोच तर स्पाइक कशाला ठेवायचा? तर त्याच्या आट्यांसाठी. उंची कमीजास्त करता येते ना, म्हणजे चारही पाय नीट टेकवता येतात! समजा वूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, पुढेमागे हलणारा पडदा ३० ग्रॅमचा आहे आणि जोराच्या ठोक्याला ५ मिलीमीटर पुढे येतो, डबा ३० किलोचा, म्हणजे हजारपट जड, तर डबा उलट्या दिशेला जाईल ५ मायक्रॉन. केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे नीट टेकलेला डबा जवळजवळ हलतच नाही. आणि मगाशी तुम्ही ढकललात तेव्हा त्या चौथ्या पायाखाली निदान अर्धा मिलीमीटर फट होती, म्हणजे ५०० मायक्रॉन! त्या ५ च्या शंभरपट. आणि आपण वाद घालतो की स्पाइक पितळेचा चांगला की टायटॅनियमचा. अहो आधी टेकू तर द्या त्याला.

टूलरूममध्ये सरफेस प्लेट तीन पायांवर बसवतात, चारवर नाही, कारण तीन टोकं कुठल्याही वाकड्यातिकड्या जमिनीवर टेकतातच, चौथं आलं की भांडण. म्हणून चारही एकदम फिरवत बसू नका. चौथा वर उचलून ठेवा, तीन पायांवर पाणसळ लावून लेव्हल करा, मग चौथा बोटाने खाली आणा, टेकला की थांबा. आता चारही एकेक करून बोटांनी फिरवून बघा, जो सहज फिरतोय त्याच्यावर वजन नाही, त्याला किंचित खाली. चारही सारखे अडले पाहिजेत. मग चेक नट, म्हणजे स्पाइक जागेवर अडकवून ठेवणारा नट, वर कॅबिनेटकडे, म्हणजे डब्याकडे, आवळायचा, आवळताना स्पाइक दुसऱ्या हाताने धरून, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो आणि केलेली मेहनत पाण्यात. एम ८, म्हणजे ८ मिलीमीटर जाडीच्या आट्यांच्या, नटाला १३ चा पाना, एम ६ ला १०. आणि उंची पाहिजे म्हणून स्पाइक शेवटच्या दोन आट्यांवर लटकवू नका, ८-१० मिलीमीटर आत राहू दे.

बदलायचे असतील तर आटे आधी ओळखा. एम ६ चा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर, १ मिलीमीटर, एम ८ चा सव्वा, आणि अमेरिकन स्पीकरला पाव इंची, इंचाला २० आटे. हे पाव इंची आणि एम ६ दिसायला सख्खे भाऊ! मी ३१ वर्षं आटे पाडून खाल्लेला माणूस, तरी दुकानदार म्हणाला "एम सिक्सच आहे काका" आणि मी चष्मा न लावता पाव इंचीत एम ६ घातला, दोन फेरे ढिला गेला, मग अडला, मी पाना लावला, आणि आतला इन्सर्ट, म्हणजे आटे असलेली धातूची नळी, डब्याच्या एमडीएफमध्ये, म्हणजे भुशाच्या दाबीव फळीत, गरगरा फिरायला लागला. अरल्डाइट भरून दोन दिवस स्पीकर गादीवर आडवा. आमची ही म्हणाली, "पेशंटला मोसंबी आणू का?" त्या दिवसापासून आटे मोजायचं पिच गेज खिशात.

स्पीकर कलता करण्याबद्दल एवढंच, एम ८ असेल, पुढच्या-मागच्या स्पाइकमधे ३० सेंटिमीटर अंतर असेल आणि तुम्ही अडीच मीटरवर बसत असाल तर पुढचे दोन्ही एक फेरा उचलले की ट्वीटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची, रेघ तुमच्याजवळ १ सेंटिमीटर वर जाते. खाली बैठक मारून ऐकणाऱ्यांनी उलट मागचे उचलायचे. पण काही कॅबिनेट मुळातच मागे झुकलेली बनवतात, त्यांच्या डोक्यावर पाणसळ ठेवून "सरळ" करू नका, खालच्या प्लिंथवर, म्हणजे तळाच्या सपाट पाटावर, ठेवा.

खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात, स्पाइकने थांबेल का? नाही हो. स्पाइक डब्याला जमिनीशी घट्ट जोडतो, तोडत नाही. तोडायचं तर रबरी आयसोलेटर, आयसोअकूस्टिक्स कंपनीचे गाया नावाचे पाय वगैरे, त्यातही वजनाप्रमाणे मॉडेल घ्यायचं, गाया थ्री चार मिळून ३२ किलोपर्यंत, त्यापुढे गाया टू. पण हवेतून जाणारा बास त्यानेही थांबत नाही, रात्री दहानंतर आवाज कमी करणे हाच उपाय.

आणि ते लादी पुसायचं. बाई स्पीकर सरकवणार, तुम्ही कितीही सांगा. मार्करची खूण दोन दिवसांत पुसली जाते, त्यामुळे लादीच्या सांध्यापासून प्रत्येक चकती किती मिलीमीटरवर आहे ते टेपने मोजून स्पीकरच्या मागे कागद चिकटवून ठेवा. हां, आता तो १३ चा पाना द्या इकडे, आणि मगाशी ढकलणारे, तुम्ही या परत.