बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन ३० आलं, आता आचऱ्यात काय?

[दृश्य: आचरे तिठा, सकाळची एसटी. तिथून आत जाणारा चिऱ्यांच्या गडग्यांमधला रस्ता.]

मालवणातून किनाऱ्या-किनाऱ्यानं वर आलात की आचरे लागतं. तिठ्यापासून जरा आत गेलं की एका घराच्या पडवीत झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे नावाला झेरॉक्स, बाकी सातबारा, आधार, पीकविम्याचे फॉर्म, लग्नपत्रिका, सगळंच. काउंटरच्या मागं फळीवर एक जुना डेस्कटॉप ठेवलाय, कव्हर काढलेला, ना स्क्रीन ना माऊस, फक्त पंख्याची घरघर आणि बाजूला सिलिका जेलच्या पुड्या, कारण इथली खारी हवा एकदा बोर्डाला लागली की दोन पावसाळ्यात बोर्ड खल्लास. हा डबा बिटकॉइनचा नोड आहे. होय, इथं, आचऱ्यात, कोळंबीच्या वासात.

दुकान चालवणारा पोरगा कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाही, नाव पण सांगू नका म्हणाला, त्यामुळं आपण त्याला नुसतं दादा म्हणू. दादाची आजी मात्र बिनधास्त बोलते.

"हो डबो रातभर कित्याक चालू ठेवतंस रे? बिल कोण भरतलो?"
"मी भरतलंय."
"ह्यात्सून पैशे गावतत?"
"नाय गो आजये."
"मगे?"

आता ह्या 'मगे'चं उत्तर द्यायला आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

नोड म्हणजे मायनिंग, म्हणजे नवीन ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) बनवणं, नव्हे, हे पहिल्यांदा डोक्यातून काढा, कारण दुकानात येणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो की दिवसाला किती पडतात. शून्य पडतात. मायनिंगला वेगळी मशिनं लागतात, ती कारखान्यासारखी वीज खातात, आणि त्यांना दर ब्लॉकमागे बक्षीस मिळतं, एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन आहे. नोडला काही मिळत नाही. नोड फक्त तपासतो. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक बनला तेव्हापासून आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार ह्या डब्यानं एकदा स्वतः उतरवून घेतलाय आणि स्वतः पडताळून बघितलाय, आणि साधारण दर दहा मिनिटांनी जो नवीन ब्लॉक येतो तो पण हा तपासतो, चुकीचा असेल तर घेत नाही, मग तो पाठवणारा कितीही मोठा असो. देवस्थानचा हिशोब फक्त मानकऱ्यांच्या वहीत न राहता घराघरात त्याची एकेक प्रत असली तर कसं होईल, साधारण तसं समजा.

ही सगळी वही आता ६०० जीबीच्या वर गेलीय. दादानं सुरुवातीला साध्या हार्ड डिस्कवर प्रयत्न केला, ते इतकं रखडलं की शेवटी एक टीबीची एसएसडी घेतली. जागा नसेल तर प्रूनिंगचा पर्याय आहे, त्यात सगळं उतरवून, तपासून झाल्यावर जुने ब्लॉक पुसत जायचे, ब्लॉकसाठी कमीत कमी ५५० एमबी जागा ठेवली तरी चालतं. पण उतरवावं सगळंच लागतं, त्यात शॉर्टकट नाही. म्हणजे आता एक आहे म्हणा, नोडच्या सॉफ्टवेअरच्या व्हर्जन २८ पासून तोवरच्या हिशोबाचा तयार स्नॅपशॉट घेऊन नोड लगेच कामाला लावता येतो आणि मागून तो सावकाश पहिल्यापासून तपासत येतो. दादाला ते पटत नाही. त्याचं म्हणणं, तपासायलाच बसलोय तर मग घाई कसली.

[दृश्य: पावसाळी आभाळ, वाकलेला विजेचा खांब, वर लोंबणारी केबल.]

कोकणात नोड चालवायचा म्हणजे लाइट आणि नेट ह्या दोन गोष्टींशी रोज मारामारी. मे महिन्यात पहिला वळीव आला की लाइट गेलीच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर सिंधुदुर्गात, रत्नागिरीत कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. नोडला अंधाराचं काही नाही, त्याला त्रास होतो तो झटक्यात बंद पडण्याचा. कारण चालू असताना बरीच माहिती तो रॅममध्ये धरून ठेवतो आणि मधून मधून डिस्कवर उतरवतो, ते उतरवण्याच्या आधी करंट गेला की पुढच्या वेळी मागचे ब्लॉक पुन्हा तपासत बसतो, आणि नशीब अगदीच फुटकं असेल तर डेटाबेस बिघडतो आणि रीइंडेक्स करावं लागतं, म्हणजे पुन्हा २००९ पासून सुरू! म्हणून दादानं डब्याला इन्व्हर्टरवर टाकलंय, आणि बॅटरी उतरायला लागली की नोड नीट बंद करणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवलीय. घरातला टीव्ही इन्व्हर्टरवर नाही, डबा आहे. ह्यावरून आजी काय बोलते ते आम्ही कापलंय.

आणि गावपळण? आचऱ्याची गावपळण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातं, तीन दिवस तीन रात्री गावात माणूस राहत नाही. मग नोडचं काय करणार, असं आम्ही विचारलं. दादा म्हणाला, काय करणार, बंद करणार, देव मोठा की डबा. तीन दिवसांत साधारण ४३२ ब्लॉक होतात, परत आल्यावर चालू केलं की नोड बाकीच्यांकडून ते मागून घेतो, एकेक तपासतो आणि रांगेत येऊन उभा राहतो. कुणाला विचारावं लागत नाही, कुणाचा दंड नाही. रोज हजेरी लावलीच पाहिजे असं ह्या नेटवर्कमध्ये कुणालाच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. नवीन व्हर्जन.

ह्या सॉफ्टवेअरचं नाव बिटकॉइन कोअर. २००९ साली सातोशी नाकामोतो नावानं वावरणाऱ्या कुणीतरी सोडलेल्या प्रोग्रॅमचाच हा वंश, 'कोअर' हे नाव २०१४ मध्ये चिकटलं. साधारण सहा महिन्यांनी मोठं व्हर्जन येतं. आणि इथं एक गोष्ट फोनच्या ॲपपेक्षा एकदम वेगळी आहे, ॲप रात्रीत गुपचूप अपडेट होतं, सकाळी उठून बघावं तर बटणं भलतीकडेच. बिटकॉइन कोअर स्वतःहून कधीच अपडेट होत नाही. ती सोय मुद्दाम ठेवलेली नाही. कारण ज्याच्या हातात अपडेटचं बटण त्याच्या हातात सगळ्यांचे नियम, असं झालं असतं. त्यामुळं नवीन व्हर्जन टाकायचं की नाही हे जगातला प्रत्येक नोडवाला आपापलं ठरवतो, आचऱ्यातला पण.

ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हर्जन ३० आलं आणि ह्याच ठरवण्यावरून राडा झाला.

व्यवहाराला जोडून थोडा मजकूर टाकायची एक जागा असते, ओपी रिटर्न म्हणतात तिला. आधीच्या व्हर्जनमध्ये डीफॉल्ट असं होतं की ह्या जागेत ८३ बाइटपेक्षा जास्त माल असेल तर नोड तो व्यवहार पुढं पाठवणार नाही. व्हर्जन ३० नं ही मर्यादा एकदम एक लाख बाइटवर नेली. झालं, आग लागली. एक बाजू म्हणाली, ही पैशाची वही आहे, इथं लोकांचे फोटो आणि कचरा आम्ही आमच्या डिस्कवर का साठवायचा. दुसरी बाजू म्हणाली, अरे ती मर्यादा तशीही कुणी पाळत नव्हतं, मायनरला थेट पैसे देऊन लोक माल घुसवतातच, आणि दुसरीकडून खोट्या पत्त्यांच्या आड लपवून टाकला तर तो नोडच्या कामाच्या, म्हणजे न खर्चलेल्या नाण्यांच्या, यादीत कायमचा अडकतो, त्यापेक्षा ह्या जागेत टाकलेला बरा, इथला माल निदान त्या यादीत तरी चढत नाही.

दोन्हीत दम आहे, खरं सांगायचं तर. आणि बिटकॉइनमध्ये मजकूर ही काही आजची भानगड नाही, पहिल्याच ब्लॉकमध्ये लंडनच्या टाइम्स पेपरची त्या दिवसाची हेडलाइन घातलेली आहे. पण एक हेडलाइन वेगळी आणि लाख बाइट वेगळे, हे पण आहेच.

ह्या भांडणात एक गोष्ट फार लोकांनी गोंधळून टाकली, ती नीट ऐका. ८३ ची मर्यादा हा बिटकॉइनचा नियम कधीच नव्हता. नियम वेगळे, म्हणजे एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, एकच नाणं दोनदा खर्च करता येणार नाही, ते मोडलं तर अख्खा ब्लॉक बाद. ८३ हे फक्त 'माझा नोड पुढं काय पाठवेल' एवढंच. ब्लॉकमध्ये एकदा आलं की जुना नोड, नवा नोड, सगळेच ते मान्य करत होते, आजही करतात. आणि ज्याला नवीन आकडा नको त्याला व्हर्जन ३० मध्ये पण सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून परत ८३ करता येतं. तरीही हजारो नोडवाले रागानं बिटकॉइन नॉट्स ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले, ते ल्यूक डॅशज्युनियर सांभाळतो, तो कोअरमध्ये पण फार जुना माणूस.

दादानं कोअर ठेवलं आणि ती एक ओळ लिहिली. त्याचा कुडाळचा मित्र नॉट्सवर गेला. दोघं मोटारसायकलवर भेटले की अजून ह्यावर तासभर भांडतात, आणि दोघांचे नोड एकमेकांना ब्लॉक देत-घेत असतात.

[दृश्य: कपाटात ठेवलेला पेन ड्राइव्ह, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.]

पण आमच्या मते व्हर्जन ३० मधली खरी महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती आणि तिच्यावर कुणी फार आरडाओरडा केला नाही. वॉलेट.

वॉलेटमध्ये नाणी नसतात, नाणी वहीत असतात, वॉलेटमध्ये ती खर्च करायच्या किल्ल्या असतात. जुन्या काळापासून ह्या किल्ल्या वॉलेट डॉट डॅट नावाच्या फाइलमध्ये राहायच्या आणि ती फाइल बर्कली डीबी ह्या डेटाबेसची. ह्या बर्कलीनं आधी एकदा घाम फोडलेला आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ०.८ व्हर्जननं ब्लॉकसाठी बर्कली सोडून लेव्हलडीबी हा दुसरा डेटाबेस घेतला, आणि मार्चमध्ये एक मोठा ब्लॉक असा आला की तो नव्या नोडना चालला पण जुन्यांच्या बर्कलीला एका वेळी किती लॉक घ्यायचे ह्याची मर्यादा होती, ती संपली, त्यांनी तो नाकारला. वही दोन फांद्यांत फुटली. शेवटी काय केलं, तर मायनर लोक नवीन व्हर्जन सोडून जुन्यावर परत गेले! नवीन म्हणजे बरोबर असं त्या रात्री नव्हतं.

वॉलेटमधून मात्र बर्कली जायला २०२५ उजाडलं. २०२१ पासून डिस्क्रिप्टर नावाचं नव्या पद्धतीचं वॉलेट आलं, एसक्यूलाइट ह्या वेगळ्या डेटाबेसवर चालणारं, मग तेच डीफॉल्ट झालं, आणि व्हर्जन ३० मध्ये जुनी वॉलेट उघडायचंच बंद. ती आधी मायग्रेट करावी, म्हणजे नव्या प्रकारात बदलून घ्यावी लागतात. आणि इथंच जानेवारी २०२६ मध्ये खबर आली की ३०.० आणि ३०.१ मध्ये बग आहे, अगदी दुर्मिळ परिस्थितीत, जुनं बिननावाचं वॉलेट मायग्रेट करताना काम फसलं तर वॉलेटच्या फोल्डरमधल्या फाइलीच उडू शकतात. बॅकअप असेल तर काही नाही. नसेल तर किल्ल्या गेल्या, आणि ह्यात कस्टमर केअर नावाचा प्रकार नाही, आधार कार्ड दाखवून किल्ली परत मिळत नाही. ३०.२ मध्ये ते दुरुस्त केलं.

दादाकडं एक जुनं वॉलेट होतं, फार काही नाही त्यात. त्यानं ३०.० ला हात लावला नव्हता. का, विचारलं तर म्हणाला, तेव्हा दिवाळी होती, दुकानात गर्दी. नंतर त्यानं आधी फाइल दोन पेन ड्राइव्हवर घेतली, एक घरात, एक कणकवलीला बहिणीकडं, कारण इथं पाणी घरात शिरलं तर दोन्ही बरोबर जायला नकोत, आणि मग ३०.२ वर मायग्रेट केलं.

डाउनलोड करताना पण त्याची एक पद्धत आहे. बिटकॉइनकोअर डॉट ऑर्गवरून फाइल घ्यायची, सोबत हॅशची, म्हणजे फाइलींच्या अंगठ्याच्या ठशांसारख्या आकड्यांची, यादी असते ती घ्यायची, आपल्या फाइलचा शा-२५६ हॅश काढून जुळवायचा, आणि मग त्या यादीवरच्या सह्या तपासायच्या. सह्या एका माणसाच्या नसतात, वेगवेगळे लोक वेगवेगळ्या ठिकाणी तोच कोड बांधून बघतात आणि सगळ्यांची फाइल बाइट-टू-बाइट सारखी आली तरच त्या सह्यांना अर्थ. गूगलवर शोधून वर आलेली पहिली लिंक दाबणारे लोक दादाच्या दुकानात येतात. रडत येतात.

बाकी छोटं-मोठं पण आहेच नवीन, पुढं पाठवायच्या व्यवहाराची कमीत कमी फी दहापट खाली आणली वगैरे, ते ज्यांना लागतं ते वाचतील.

आणि कायद्याचं विचाराल तर नोड चालवण्यावर आपल्याकडं बंदी नाही. टॅक्स आहे तो नफ्यावर, एप्रिल २०२२ पासून सरळ ३० टक्के, आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. डब्याला नफाच नाही, त्यामुळं तिथं प्रश्नच येत नाही. भाव कुठं जाईल ते आम्हाला विचारू नका, दादाला तर अजिबात विचारू नका, तो चिडतो.

आजीला शेवटी त्यानं काय सांगितलं? सांगितलं की बँकेत पासबुक भरून आणतेस तेव्हा मशिन छापतं त्यावर तू भरवसा ठेवतेस, इथं मी माझंच मशिन ठेवलंय. आजी म्हणाली, मी पासबुक घरी आणून बोटावर मोजतंय, माका कोणाचो भरवसो नाय. दादा म्हणतो, मग तर तूच नोड.

३१ चं काय, असं निघताना विचारलं. तो फॉर्म भरत होता कुणाचातरी, मान वर न करता म्हणाला, "येऊ दे. पयल्या दिवशी नाय टाकूचंय. पॉइंट वन, पॉइंट टू येऊ दे, लोकांका बोंबलू दे, मगे बघया."