निवाऱ्याच्या दारातला पहिला प्रश्न

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बेघर माजी सैनिकांच्या कुटुंबांना घर कसे मिळवून द्यावे, हा आजचा विषय आहे आणि घरांच्या योजनांकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका बाईंची हकीकत सविस्तर सांगण्याची परवानगी द्यावी, कारण ती ऐकल्याखेरीज माझे पुढचे म्हणणे पटणार नाही. देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिक रोडचे तोफखाना केंद्र यांमुळे सैनिक आपल्या शहराला परका नाही. मात्र गणवेश उतरल्यावर तो कुठे राहतो, याची विचारपूस आपण फारशी करत नाही.

जवान बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. मुले शाळेत असतात आणि क्वार्टर सोडावे लागते. नोकरीभर त्याचा पत्ता 'द्वारा ५६ ए.पी.ओ.', म्हणजे लष्कराचे टपाल कार्यालय, एवढाच असतो. दरम्यान गावच्या घरात भावांचे संसार वाढलेले असतात आणि सातबाऱ्यावर नाव असले तरी अंथरूण टाकायला खोली नसते.

या बाईंचे यजमान तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सुरक्षारक्षकाची नोकरी धरून शहरात भाड्याने राहू लागले. आजारपणात साठवलेले पैसे गेले, मग तेही गेले. कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी बाईंनी अर्ज केला, तेव्हा सेवापुस्तकात त्यांचे माहेरचे नाव आणि आधारकार्डावर सासरचे नाव, असा फरक निघाला. लग्नात नाव बदलण्याची चाल ज्या समाजात घरोघरी आहे, तिथे हा फरक कोणालाही उमगावा. पण एका कार्यालयाने प्रतिज्ञापत्र मागितले, दुसऱ्याने त्यासाठी सध्याच्या निवासाचा पुरावा मागितला, आणि भाडे थकल्यामुळे घरमालकांनी तोपर्यंत खोली रिकामी करून घेतली होती. निवारा नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही म्हणून निवारा नाही! दोन मुलांना घेऊन त्या रेल्वे स्थानकाच्या आडोशाला झोपत होत्या, आणि त्यांच्या यजमानांची सारी नोंद ज्या तोफखाना अभिलेख कार्यालयात होती, ते तिथून जवळच, नाशिक रोडलाच होते. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते, कारण तुमचे यजमान काय करत होते, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

या सभागृहात कोणी तलाठी बसले असतील, तर त्यांनी कृपया पुढच्या रांगेत यावे, कारण मला त्यांचे कौतुक करायचे आहे. दोन्ही नावांची बाई एकच आहे, हा पंचनामा बाईंच्या गावच्या तलाठ्यांनी पाटलांना आणि शेजाऱ्यांना समोर बसवून करून दिला. त्यानंतरच कागद हलले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. अमेरिकेत निवाऱ्याला येणाऱ्याला 'तुम्ही सैन्यात होता का' हे विचारले जाते आणि दर जानेवारीत एका रात्रीची देशव्यापी गणना होते. २०२४ मध्ये तिथे ३२,८८२ बेघर माजी सैनिक मोजले गेले. २०१० च्या मानाने ही संख्या निम्म्याहून कमी आहे. तिथे गृहनिर्माण खाते भाड्याचा भार उचलते आणि माजी सैनिकांचे खाते त्याच कुटुंबासाठी समाजसेवक नेमते, म्हणजे आधी छप्पर देण्यावर भर असतो आणि काही कागद मागाहून जमवले तरी चालतात.

आपल्याकडे योजना आहेत. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी राखीव गट आहे, परंतु तिथे अनामत रक्कम लागते. २०२० पासून राज्यात मालमत्ता कराची सवलत आहे, परंतु ती घर असलेल्याला. जवानाला सेवानिवृत्तिवेतनासाठी साधारणपणे १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांच्या हाती दरमहा काहीच येत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते, परंतु जो त्याच्या दारापर्यंत पोहोचतो त्यालाच.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. शहरी बेघरांसाठी एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याचा निकष आहे; २०११ च्या जनगणनेनुसार नाशिकची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने जवळपास १,५०० जणांची सोय हवी. या प्रत्येक निवाऱ्याच्या नोंदवहीत 'आपण किंवा आपल्या घरातले कोणी सैन्यात होते काय?' हा रकाना असावा, होकार आल्यास त्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवावे, आणि निवाऱ्याचा पत्ता हाच निवासाचा पुरावा म्हणून धरावा. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट मोकळे करताना तिथे झोपणाऱ्यांनाही हलवण्याआधी हाच प्रश्न विचारावा. महापालिका आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे; जाताना वाचून, पटल्यास सही करावी, आणि ज्यांना अर्ज भरून देण्याच्या कामात वेळ देता येईल, त्यांनी सहीपुढे तसे लिहावे.