मंगळवार, संध्याकाळी पाच

(सकाळ. मुंबई, काळा घोडा, महात्मा गांधी रोड. जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारात टेम्पो.)

रात्री नऊला कोल्हापूर सोडलेला हा टेम्पो. आत सव्वीस चित्रं. प्रत्येकाला आधी जुनी चादर, तिच्यावर बबल रॅप, त्यावर सुतळीची गाठ. चादरी घरच्याच आहेत. एकीवर मोर आहेत. चित्रकार ड्रायव्हरशेजारी बसून आलेत. रस्ताभर त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "सावकाश."

जहांगीर आर्ट गॅलरीचा आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. एकाची चित्रं उतरली की दुसऱ्याची चढतात. इथली तारीख मिळावी म्हणून चित्रकार अर्ज करतात आणि मग काही वर्षं वाट बघतात. यांनी अर्ज केला तेव्हा मुलगी सातवीत होती. आत्ता कॅटलॉगचे गठ्ठे सोडतेय ती हीच, कॉलेजात जाणारी.

(रिकामी भिंत. ताणलेली सुतळी.)

चित्रं लावताना बघायला कुणी येत नाही. म्हणून या फिल्ममध्ये आम्ही ते सगळं दाखवतोय.

या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणलीय. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. लहान असो की मोठं, प्रत्येक चित्राचा मध्य या सुतळीवर यायला हवा. आधी सगळी चित्रं भिंतीला टेकवून जमिनीवरच मांडायची आणि लांब जाऊन बघायचं. हे पिवळं त्या पिवळ्याशेजारी नको, दोघं एकमेकांना खातात. हे मोठं दारासमोर. नाही, आतच बरं. दारासमोर हे, गोठ्याचं. चौथ्यांदा जागा बदलल्यावर खिळे ठोकणारा माणूस हातोडी खाली ठेवून बसला. त्याला सवय आहे.

मग दिवे. शिडीवरचा मुलगा दिवा बोटभर फिरवतो आणि खालून आवाज येतो, "अजून थोडा." काचेवर उजेड पडला की चित्राच्या जागी बघणाऱ्याचं तोंड दिसायला लागतं.

(इमारत बाहेरून. लाटेसारखा छज्जा.)

1952 साली ही गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या, जहांगीरच्या स्मरणार्थ देणगी दिली. आराखडा दुर्गा बाजपेयी यांचा. त्याआधी चित्रं दाखवायची तर मुंबईत जागा मोजक्याच. 1947 साली जमलेल्या तरुण कलाकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपनं 1949 मध्ये आपलं प्रदर्शन भरवलं ते इथून चार पावलांवर, रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. सूझा, रझा, हुसेन, आरा आणि आपले गाडे, बाकरे. आज त्यातल्या काहींची चित्रं कोटींच्या घरात जातात, पण ती गोष्ट वेगळी.

वरच्या मजल्यावर 1963 पासून केकू आणि खोर्शेद गांधी यांची केमोल्ड ही खासगी गॅलरी होती. 2007 मध्ये ती फोर्टात प्रेस्कॉट रोडला गेली. आणि खाली होतं सामोवार, चहा-नाश्त्याचं कॅफे. 1964 ते 2015. लांबट, अरुंद जागा, एका बाजूला बाग. एक चहा घेऊन तासन्‌तास बसलेल्या माणसाला तिथं कुणी उठवायचं नाही. चित्र विकलं गेलं की तिथं, नाही गेलं तरी तिथंच.

(दारासमोरचा फुटपाथ.)

इथं छत नाही. कठड्याला टेकवलेली चित्रं, समोर घडीची खुर्ची, बाजूला प्लास्टिकचा कागद, पाऊस आलाच तर. हे गृहस्थ दहा मिनिटांत तुमचं पेन्सिलचित्र काढून देतात. नाक काढताना ते स्वतःचं नाक आक्रसतात. बघा.

(संध्याकाळ. जिन्यावर रांगोळी. समई.)

पाच वाजलेत. पाहुणे ट्रॅफिकमध्ये आहेत.

दारापाशी हे जे जोडपं घुटमळतंय ना, गेली पाच मिनिटं तिथंच आहे. आत उजेड, हार, चांगले कपडे. त्यांना वाटतंय, पत्रिका लागते. लागत नाही. तिकीटही नाही. अकरा ते सात, कुणीही यावं. उद्घाटनालाही यावं, तेव्हा तर चित्रकार स्वतः उभा असतो आणि विचारलेलं त्याला आवडतं. कुलाबा-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्यांचंही तेच. तिथं जुन्या इमारतीचा जिना चढावा लागतो, क्वचित बेल दाबावी लागते, आत इंग्रजी जरा जास्त असतं. पण महिन्यातल्या एका गुरुवारी त्या रात्रीपर्यंत उघड्या ठेवायची पद्धत आहे, ती काय फक्त गिऱ्हाइकांसाठी? हॉलमध्ये लग्नाला आपण बिनओळखीचे जेवून येतो, आणि इथं पाय अडतो.

गेले. आत गेले.

पाहुणे आले. समईची वात पेटेना. एसीचा झोत थेट तिच्यावर. चौघांनी हातांचा आडोसा केला, पाचवी काडी लागली, टाळ्या झाल्या. भाषण वीस मिनिटं झालं. आम्ही ते ठेवलेलं नाही. ताटलीत समोसा, वेफर्स आणि एक पेढा, तो कोल्हापूरहूनच आलेला.

(गोठ्याचं चित्र. समोर खुर्चीत चित्रकाराची आई. निवेदन नाही. 40 सेकंद.)

हे ओळखीचे वाटले का? फुटपाथवरचे पेन्सिलचित्रवाले. दुकान शेजाऱ्याला सांगून आलेत, हात पँटला पुसलेत आणि चित्राच्या इतके जवळ गेलेत की वॉचमन दोन पावलं पुढं सरकला. ते बघत होते गोठ्यातला अंधार. "काळा वापरलेला नाही," ते म्हणाले. चित्रकारानं मान हलवली. निळा आणि तपकिरी, थरावर थर. मग दोघं थिनर कुठल्या दुकानात स्वस्त मिळतो यावर बोलत राहिले, आणि पाहुण्यांना निरोप द्यायचा राहून गेला.

सोमवारपर्यंत तीन चित्रांखाली लाल टिकली लागली, म्हणजे ती विकली गेली. भाडं, फ्रेमा, टेम्पो, जेमतेम भागलं. गोठ्याचं चित्र परत गेलं, मोरांच्या चादरीत.

पण ते सोमवारी. आज मंगळवार आहे आणि सात वाजलेत.

(एकेक दिवा मालवतो. समई अजून पेटलेली.)

ही फुंकून विझवायची नसते. आई पुढं होते, वात बोटानं मागं ओढते आणि तेलात बुडवते.