शार्लटचा करंडक

(दृश्य: शार्लट, बँक ऑफ अमेरिका स्टेडियम. डिसेंबरची संध्याकाळ, भरत चाललेली गॅलरी.)

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं शार्लट. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी इथे एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा अजिंक्यपद सामना होतो. कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेज संघांचा समूह. खेळ कॉलेज फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. देशभरात या स्तरावर 130 हून अधिक कॉलेजांचे संघ आहेत आणि नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात जेमतेम बारा. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून राष्ट्रीय विजेतेपदासाठी कोण खेळणार, हे मैदानाइतकंच वेळापत्रकावर आणि एका समितीच्या मतावर ठरतं. शार्लटमधल्या सलग तीन डिसेंबरांनी ते लख्ख दाखवून दिलं.

2 डिसेंबर 2023. फ्लोरिडा स्टेट विरुद्ध लुईव्हिल.

फ्लोरिडा स्टेट बाराच्या बारा सामने जिंकून आलेला. पहिल्याच सामन्यात एलएसयूला 45-24 असं लोळवलेलं, क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर ओव्हरटाइममध्ये हरवलेलं. पण 18 नोव्हेंबरला, खालच्या विभागातल्या नॉर्थ अलाबामाशी खेळताना, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा आणि चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस पायाच्या गंभीर दुखापतीने मोसमातून बाद झाला. त्याच्या जागी आलेल्या टेट रोडमेकरच्या डोक्याला पुढच्याच सामन्यात मार बसला. शार्लटला उतरला तो तिसऱ्या पसंतीचा, पहिल्या वर्षाला असलेला ब्रॉक ग्लेन. पोराकडून फारसं आक्रमण झालं नाही, होणारही नव्हतं. मग बचावफळीने सामना अंगावर घेतला. लुईव्हिलला एकही टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार जाणं, करू दिला नाही. 16-6. तेरापैकी तेरा.

(दृश्य: मैदानावर उधळलेले कागदी तुकडे, करंडक उंचावणारे खेळाडू.)

दुसऱ्या दिवशी दुपारी निवड समितीने प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचे, चार संघ जाहीर केले. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवा.

मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती. अलाबामा एक सामना हरला होता, पण त्याच शनिवारी अटलांटात त्याने अव्वल मानांकित जॉर्जियाला 27-24 असं हरवून एसईसी, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, जिंकली होती. महत्त्वाचा खेळाडू जायबंदी असेल तर ते विचारात घेण्याची मुभा समितीच्या नियमांत आहे, तिचाच आधार घेतला गेला. माझ्या मते तो निर्णय अन्यायाचा होता. ट्रॅव्हिसशिवाय हा संघ जिंकू शकतो का, याचं उत्तर त्याने आदल्या रात्रीच दिलं होतं. नंतर ऑरेंज बोल या मोसमाअखेरच्या, प्लेऑफबाहेरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा 63-3 असा धुव्वा उडवला, आणि समितीचे समर्थक अजून तो आकडा पुढे करतात. त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांच्या आसपास खेळाडू खेळलेच नव्हते, हे मात्र ते सांगत नाहीत.

कॉन्फरन्सच्या अजिंक्यपदाचा हा जादा सामना आला कुठून? बारा संघ असलेल्या कॉन्फरन्सला दोन गट पाडून अजिंक्यपदाचा एक सामना वाढवता येईल, असा नियम होता. एसईसीने आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना सामील करून घेत बाराचा आकडा गाठला आणि 1992 मध्ये बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर पहिला सामना भरवला. अपराजित अलाबामा एका जादा सामन्यापायी सगळं गमावून बसेल, अशी धास्ती होती. सामना 21-21 असा अडलेला असताना अँटोनियो लँगहॅमने फ्लोरिडाचा पास हवेतच पकडला आणि थेट टचडाउन केला. अलाबामा पुढे राष्ट्रीय विजेताही झाला. 1998 मध्ये मात्र ती धास्ती खरी ठरली. अपराजित कॅन्सस स्टेट बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सच्या अजिंक्यपद सामन्यात टेक्सास ए अँड एमकडून दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हरला आणि राष्ट्रीय विजेतेपदाची संधी हातची गेली. उलट 2014 मध्ये बिग ट्वेल्व्हकडे हा सामनाच नव्हता. टीसीयूने शेवटच्या शनिवारी आयोवा स्टेटला 55-3 हरवूनही तो तिसऱ्यावरून सहाव्यावर घसरला, कारण त्याच रात्री ओहायो स्टेटने बिग टेनच्या अजिंक्यपद सामन्यात विस्कॉन्सिनला 59-0 अशी धूळ चारली होती.

2024 पासून प्लेऑफमध्ये बारा संघ आले. त्या वर्षी शार्लटमध्ये एसएमयूने शेवटच्या काही सेकंदांत 31-31 अशी बरोबरी साधली आणि क्लेमसनच्या नोलन हाउझरने 56 यार्डांवरून फील्ड गोल मारून, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून धाडून, सामना नेला. हरूनही एसएमयूला प्लेऑफमध्ये जागा मिळाली. ते योग्यच झालं. तिथवर पोचल्याची शिक्षा त्यांना का व्हावी?

आणि मग 2025.

(दृश्य: एसीसीचा गुणतक्ता. पाच नावांसमोर एकच नोंद: 6 विजय, 2 पराभव.)

एसीसीत आता सतरा संघ. त्या वर्षी प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले सामने आठ, म्हणजे उरलेल्या सोळांपैकी निम्म्यांशी गाठच पडली नाही. पूर्वीचे दोन गट 2023 मध्येच मोडीत निघाले. व्हर्जिनिया 7-1 असा पहिला आला. दुसऱ्या जागेसाठी मायामी, ड्यूक, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि एसएमयू हे पाचही संघ 6-2 वर. ते सगळे एकमेकांशी खेळलेले नव्हते, त्यामुळे आपसातल्या निकालांवर बरोबरी सुटेना. शेवटी पाहिलं गेलं, कुणाच्या प्रतिस्पर्ध्यांनी कॉन्फरन्समध्ये जास्त सामने जिंकले. आपल्याकडच्या नेट रनरेटमध्ये निदान स्वतःच्या धावा मोजतात. इथे मोजले गेले दुसऱ्यांचे विजय, आणि तेही कित्येक महिने आधी ठरलेल्या वेळापत्रकानुसार.

ड्यूक पुढे गेला. हा संघ जॉर्जिया टेककडून हरला होता, व्हर्जिनियाकडूनही. इलिनॉय, टुलेन आणि कनेक्टिकटकडूनही तो हरला होता, पण ते कॉन्फरन्सबाहेरचे सामने, या हिशेबात ते धरत नाहीत. शेवटच्या शनिवारी कॅलिफोर्नियाने एसएमयूला 38-35 हरवलं नसतं, तर शार्लटला एसएमयूच गेला असता. ड्यूकचं नशीब त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या मैदानावर, बर्कलीत, दुसऱ्याच दोन संघांच्या हातात होतं.

ड्यूकच्या पोरांनी मिळालेल्या संधीचं सोनं केलं. ओव्हरटाइममध्ये व्हर्जिनियाला 27-20 असं हरवलं. 1962 नंतर प्रथमच एसीसीचा करंडक एकट्या ड्यूकचा झाला. पण प्लेऑफची हमी होती ती देशातल्या सर्वाधिक मानांकित पाच कॉन्फरन्स विजेत्यांना, आणि पाच पराभवांच्या ड्यूकच्या वर टुलेन आणि जेम्स मॅडिसन होते. ड्यूक बाहेर.

आत कोण गेला? मायामी, जो शार्लटला पोचलाच नव्हता. 6 डिसेंबरला मायामीही खेळला नाही आणि नोत्र दामही. तरी आदल्या आठवड्यात दहावा असलेला नोत्र दाम अकरावा झाला आणि बारावा असलेला मायामी दहावा. दोघांच्या मधला बीवाययू त्या दिवशी टेक्सास टेककडून 34-7 असा हरून खाली गेला, आणि आता हे दोघे शेजारी-शेजारी आल्यावर ऑगस्टमध्ये मायामीने नोत्र दामला 27-24 हरवल्याचं समितीने मोजलं. मायामीने मग टेक्सास ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना हरवलं आणि 19 जानेवारी 2026 ला आपल्याच घरच्या मैदानावर राष्ट्रीय अंतिम सामना खेळला. तिथे इंडियानाने त्यांना 27-21 असं रोखलं.

मायामीची गुणवत्ता कुणीच नाकारणार नाही. तरीही ड्यूकला जागा मिळायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. बरोबरी सोडवण्याचा नियम कॉन्फरन्सने केला, वेळापत्रक कॉन्फरन्सने आखलं, करंडकही कॉन्फरन्सने दिला. मग त्याची किंमत खेळाडूंनी का मोजावी? अर्थात त्यासाठी जेम्स मॅडिसनची जागा गेली असती, आणि एकच सामना हरलेल्या त्या संघाचा संतापही तितकाच रास्त ठरला असता.

(दृश्य: रिकामं मैदान, पांढऱ्या रेषा आखणारे कर्मचारी.)

2026 पासून एसईसी आठऐवजी नऊ सामने खेळवणार आहे. तीन प्रतिस्पर्धी कायमचे, सहा फिरते. एसीसीही नऊकडे वळते आहे. तरी सतरा संघांत नऊ सामने खेळणाऱ्याला सात प्रतिस्पर्धी त्या वर्षी भेटणारच नाहीत, आणि ते सात कोणते, हे पहिला चेंडू पडण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असेल.